काळुरामचे बिनधारेचे सुरे

आगगाडी कल्याणच्या पुढे घाट चढून गेली त्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. ठाकुर्लीच्या खाडीकाठी मिठागरावर राबणाऱ्या आगऱ्यांत काळुराम नावाचा एक गडी होता. अंगाने काटकुळा, बोलायला कमी. पावसाळ्यात खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात लावायचं आणि पाऊस सरला की मिठागरावर जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. त्याला दारूचं व्यसन नव्हतं, पत्त्यांची गोडी नव्हती, भजनात बसला तर त्याचा आवाज वेगळाच लागायचा. वेड म्हणाल तर एकच, सुरे फेकण्याचं.

ते लागलं मिठागरावरच. खाडीचं पाणी कोंड्यात, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, घेतलं की ते सुकेपर्यंत बसून राहावं लागे. बाकीचे बांधावर आडवे होत. काळुराम मासळी कापायचा सुरा घेऊन राखणीच्या झोपडीच्या खांबावर फेकत बसे. दहांत एखादा टोचे, बाकीचे थाडकन आपटून खाली पडत. पण तो एक टोचला की त्याचा 'ठक्क' असा आवाज येई आणि पातं क्षणभर थरथरत राही. त्या आवाजाने काळुरामला काय होई ते त्याला सांगता येत नसे. दुपारभर तो पुन्हा तोच आवाज मिळवण्याच्या मागे असे.

मासळीच्या सुऱ्याची लाकडी मूठ आठवड्यात फुटली. दुसरा घेतला, त्याचंही तेच झालं. मग तो कल्याणला दगडू लोहाराकडे गेला. दगडूची भट्टी बाजाराच्या टोकाला होती. तो काळुरामपेक्षा वयाने मोठा आणि तोंडाने फटकळ.

"फेकायला सुरा पायजे," काळुराम म्हणाला.

"कोणावर?"

"लाकडावर."

दगडूने भात्यावरचा हात थांबवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "लाकडानं तुझं काय वाकडं केलंय?"

काळुराम हसला आणि खांबाची सगळी हकिगत त्याने सांगितली. दगडूला गंमत वाटली. रेल्वेच्या डब्याखालची एक जुनी कमान, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, त्याने भंगारात घेऊन ठेवली होती. तिचं पोलाद चिवट, ना वाकणारं ना तुटणारं. त्यातून त्याने एक सुरा काढून दिला. तो फार हलका निघाला, वाऱ्यावर भरकटे. दुसरा टोकाकडे जड झाला. तिसऱ्या खेपेला दोघांना गोम सापडली. सुरा वीतभराहून थोडा लांब हवा, मूठ आणि पातं एकाच तुकड्यातलं हवं, लाकूड नको की दोरा नको, आणि मध्यावर बोटावर ठेवला तर तराजूसारखा स्थिर राहायला हवा.

दगडू धार लावायला बसला तेव्हा काळुरामने त्याचा हात धरला. "धार नको. मना पात्याला धरून फेकायचा हाय. बोटं कापतील. निस्ता टोक पायजे, आनि तोही सुईवानी नको, तुटतो."

"बिनधारेचा सुरा!" दगडू म्हणाला. "याने भोपळासुद्धा चिरायचा नाही."

"नको चिरू दे."

असे एकासारखे एक पाच सुरे झाले. काळुरामने खाजणाच्या कडेला, जिथे पलीकडून कोणाची ये-जा नव्हती अशा जागी, पांगाऱ्याचा जाड ओंडका दोन मेढींवर बसवला. कापलेलं तोंड त्याने समोर ठेवलं, कारण तिथल्या रेषांत टोक अलगद शिरतं. पांगारा मऊ असतो, सुरा उसळून परत येत नाही. हळूहळू त्याला फेकीचं मर्म कळत गेलं. मनगटाला झटका द्यायचा नाही, हात खांद्यापासून सरळ आणायचा आणि सुरा आपसूक सुटू द्यायचा. जवळून फेकायचा तर पात्याला धरायचा, म्हणजे हवेत अर्धी गिरकी घेऊन टोक पुढे येतं. लांबून फेकायचा तर मुठीला धरायचा आणि पुरी गिरकी घेऊ द्यायची. ओंडक्यामागे कोणी दिसलं तर हात खाली. पाखरावर, कुत्र्यावर त्याने कधी सुरा उगारला नाही.

संध्याकाळी त्याची बायको आवडाबाई काम आटोपून तिथे येई. सुरे ओंडक्यातून उपटून आणणं हे तिचं काम. खारी हवा लोखंड खाते म्हणून घरी गेल्यावर ती एकेका सुऱ्याला खोबरेल तेलाचा हात फिरवी आणि चामड्याच्या पिशवीत घालून पिशवी खुंटीला लावी. कधी म्हणे, "इतकी माया माज्यावर केलीव तर मी रानी झाली असती." एकदा त्याच्या आग्रहाने तिनेही एक फेकून पाहिला. तो ओंडक्यावर आडवा आपटून चिखलात गेला आणि दोघं पोट धरून हसली. मिठागरावरून परतणाऱ्या बाया थांबून तमाशा बघत. पाचही सुरे एका पंज्याएवढ्या जागेत बसले की सगळ्या 'आई गं!' म्हणत. काळुराम लाजून पाठ फिरवी. ते दोन-तीन हिवाळे त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे.

मिठागरावर धाकू नावाचा राखणदार होता. मालकाचा माणूस म्हणून त्याला थोडा ताठा होता. एके दिवशी काय मनात आलं कोण जाणे, त्याने तो ओंडका मेढींवरून ढकलला आणि भरतीच्या पाण्यात लोटून दिला. काळुराम आला तेव्हा ओंडका हेलकावे खात दूर चालला होता.

"मालकाच्या जागंत ह्यो खेल चालाचा नाय," धाकू म्हणाला.

मिठागरावरचे सगळे बघत होते. काळुराम कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. "पुन्यांदा हात लावून बघ! माजा नेम चुकत नाय, धेनात ठेव!" तो ओरडला. शब्द तोंडातून गेले. आवडाबाई डोक्यावर मिठाची पाटी घेऊन तिथेच उभी होती. नवऱ्याचा असा चेहरा तिने आधी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात एका सुऱ्याचं टोक दगडावर बसून मोडलं. काळुराम तो सुरा बाकीच्यांसोबत पिशवीत घालून कल्याणला गेला. दगडू म्हणाला, ठेवून जा, उद्या-परवा करतो. गप्पांत उशीर झाला. परतताना भरती लागली, वाट बुडाली आणि काळुरामला चिखलातून गुडघाभर पाण्यात चालत यावं लागलं. दिवेलागण केव्हाच टळली होती. घरी आला तो चिखलाने माखलेला, थकलेला, ओंडक्याच्या दुःखाने अजून घुमा. पिशवी खुंटीला अडकवली, भाकर अर्धी खाल्ली आणि आडवा झाला.

आवडाबाईने सवयीने तेलाची वाटी घेतली. पिशवीत चारच सुरे होते.

तिने विचारलं नाही. तो दमलाय, सकाळी विचारू, असं तिला वाटलं. सकाळ झाली आणि तो कामावर निघून गेला. थोड्या वेळाने शेजारची बायजा धावत आली. "आवडे, आयकलास काय? धाकूला कोनी मारला! झोपडीमागं पडलाय, गला कापलाय!"

बायजा गेली तरी आवडाबाई दारात तशीच उभी राहिली. डोळ्यांपुढे नवऱ्याचा तो चेहरा आला, कानात ते शब्द आले. चिखलाचं धोतर कोपऱ्यात पडलं होतं आणि खुंटीवर चार सुऱ्यांची पिशवी. तिने पिशवी पदराखाली घेतली. खाडी तुडुंब भरली होती. बांधावर कोणी नाही हे बघून तिने चारही सुरे एकेक करून पाण्यात टाकले आणि शेवटी पिशवीही टाकली. मग घरी येऊन धोतर धुवायला बसली.

फौजदार दुपारी आले. धमकी सगळ्या मिठागराने ऐकली होती, नाव सांगायला कोणाला विचार करावा लागला नाही. काळुराम मात्र घाबरलेला नव्हता. "साहेब, माजे सुरे बघा. एकालाबी धार नाय. त्यानं गला कापाचा नाय. घरात खुंटीला हायेत, चला."

सगळे घरी आले. खुंटी रिकामी होती. फौजदारांनी आवडाबाईला विचारलं, "सुरे कुठे आहेत?"

"कुठलं सुरे? आमच्या घरात सुरे नाय."

दाराशी जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. फौजदारांनीही काळुरामकडे पाहिलं. काळुराम बायकोकडे बघत राहिला. शिपायाने त्याच्या हाताला दोरी लावली तेव्हाही तो तिच्याकडेच बघत होता.

दगडूला बातमी लागली तसा तो पाचवा सुरा घेऊन धावला. तो सुरा आपल्याकडे दुरुस्तीला होता आणि काळुराम संध्याकाळपर्यंत भट्टीवर बसला होता, हे त्याने शपथेवर सांगितलं. पण संध्याकाळनंतर काय झालं ते तो सांगू शकत नव्हता. एका बोथट सुऱ्याने बाकीचे चार बोथट ठरत नव्हते. लपवण्यासारखं काही नव्हतं तर ते गेले कुठे, या प्रश्नापाशी सगळं अडत होतं. काळुरामची रवानगी ठाण्याला कच्च्या कैदेत झाली.

आवडाबाई पहिल्यांदा भेटायला गेली ती आगगाडीने. जन्मात ती गाडीत बसली नव्हती. गजांच्या पलीकडे काळुराम आला, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. भाकरीचं गाठोडं शिपायाने तपासून आत दिलं.

"सुरे कुठं गेले आवडे?" त्याने हळूच विचारलं.

तिने आजूबाजूला पाहिलं. "खाडीत. मी टाकले. तुमाला वाचवाला."

"वाचवाला?"

"चारच व्हते. पाचवा..." ती थांबली. "मना वाटला..."

"पाचवा दगडूकडं व्हता," काळुराम म्हणाला.

"आता समजला मना. दगडूभावोजींनी सांगितला."

त्याने दोन्ही हातांनी गज धरले होते. एक गज सोडला, मग दुसरा. "म्हंजी तुला वाटला, मी मारला."

ती रडू लागली. वेळ संपली म्हणून शिपायाने हाक दिली तेव्हा तो आत गेला. भाकरीचं गाठोडं तिथेच राहिलं होतं. शिपायाने ते उचलून त्याच्यामागे नेलं.

सगळा पावसाळा तो आत होता. भात बायजाच्या घरच्यांनी लावून दिलं. दिवाळीच्या सुमाराला खडवलीच्या बाजारात एक माणूस चांदीचा करगोटा विकताना सापडला. तो करगोटा धाकूचा होता आणि माणूस धाकूचाच मेहुणा. घरच्या जमिनीवरून दोघांचं जुनं वैर होतं. दरडावल्यावर त्याने सगळं कबूल केलं, कोयताही काढून दिला. काळुरामला सोडलं.

तो ठाण्याहून चालत आला. गावात कोणी वाईट बोललं नाही. उलट आपल्याकडून चुकी झाली असं दोघातिघांनी म्हणूनही दाखवलं. पण तो बांधावरून येताना दिसला की बाया पोरांना जवळ ओढून घेत. गुन्हेगार दुसरा निघाला हे सगळ्यांना कळलं होतं, तरी त्या हाताची भीती एकदा बसली ती बसलीच. दगडू पाचवा सुरा नवं टोक काढून घेऊन आला.

"पांगाऱ्याचा ओंडका मी बैलगाडीत घालून आणतो," तो म्हणाला. "चार सुरे आणखी करू. कमान शिल्लक आहे."

काळुरामने सुरा बोटावर ठेवून पाहिला. तो स्थिर राहिला. मग त्याने तो परत दिला. "याचा विला कर. कोनाच्या तरी कामाला येल."

"अरे, पण खेळात तुझा काय दोष?"

"दोष नाय. मन नाय लागाचा."

मिठागर सोडून तो रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या कामाला लागला. घरात भांडण म्हणून नव्हतंच. आवडाबाई वाढी तेव्हा तो जेवी, तिला ताप आला तर पाणी भरी, जत्रेला गेला तर बांगड्या आणी. फक्त पूर्वीसारखं तिच्याकडे बघून हसत नसे. तिला ती शांतता सोसेना. एकदा तिने तांदूळ निवडता निवडता सूप बाजूला ठेवलं आणि ती म्हणाली, "एकदा शिव्या तरी घाला. मारा. असं गप नका राहू."

"तू माज्यासाटी केलास, ते मना ठावं हाय," तो म्हणाला. "मी खुनी हाय असा समजूनबी तू मना वाचवाला गेलीस. दुसरी पलून गेली असती. पन आवडे, मी रातभर तुज्या बाजूला व्हतो. तू मना इचारला का नाय?"

"भ्याले."

"मना?"

"तुमी हो म्हनाल, याला भ्याले."

त्याने सूप उचलून तिच्या हातात दिलं आणि तिच्या शेजारी बसून तोही खडे वेचू लागला. त्यानंतर या विषयावर दोघं पुन्हा बोलली नाहीत.

दहाएक वर्षांनी हिवतापाच्या साथीत आवडाबाई गेली. शेवटच्या दिवसांत तापात ती बरळत असे. बायजा उशाशी बसलेली असायची. "मी इचाराला पायजे व्हता," असं ती सारखं म्हणे. काळुराम ओट्यावर बसून ऐकत होता. एकदा तो आत आला, तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "तू इचारला असतास तर मी हसलो असतो. बास, आता नीज." तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत तिचा श्वास थांबला.

त्यानंतरही काळुराम बरीच वर्षं जगला. गँगमधले लोक त्याला काळूकाका म्हणत. मुकादम म्हणे, याच्या हातचा खिळ्यावरचा घाव कधी इकडेतिकडे जात नाही. कोणी त्याच्या जुन्या नावलौकिकाचा विषय काढला की तो तंबाखूची चिमूट दाढेत धरी आणि कामाचं काहीतरी बोलायला लागे. संध्याकाळी घरी आला की आधी चूल पेटवी आणि एका माणसापुरता भात टाकी. कधी चुकून दोघांचा पडे. तेव्हा उरलेला तो बायजाच्या ओट्यावर नेऊन ठेवी आणि घरी परते.