अडतीस कोऱ्या कागदांवरची सही

निता इंझोरीची. बारावीनंतर वाशीमला नर्सिंगचा कोर्स करून ती कारंज्याला डॉक्टर रविकांत यांच्या वीस खाटांच्या दवाखान्यात लागली, तेव्हा एकवीस वर्षांची होती. पुढची एकोणीस वर्षं तिनं तिथंच काढली. मधे लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं. त्या दिवसांत ती महिनाभराची सुट्टी मागायला गेली, तर डॉक्टर म्हणाले, "घरी बसून रडशील. त्यापेक्षा उद्यापासून ऑपरेशन थिएटर तू सांभाळ." तिनं सांभाळलं. गावात कुणी तिला नवऱ्यानं टाकलेली म्हणायच्या आत ती थिएटरची सिस्टर झाली होती. हे ती विसरली नाही.

आणखी एक गोष्ट ती विसरली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हर्नियाचा एक पेशंट सारखा कण्हत होता. निता वैतागून म्हणाली, "नाटक करतोय सर तो." डॉक्टरांनी तिला बाजूला नेलं. म्हणाले, "दुखणं मोजायचं यंत्र अजून निघालं नाही. पेशंट सांगेल तेच खरं मानायचं. ज्या दिवशी तुला ते खोटं वाटायला लागेल, त्या दिवशी हे काम सोड."

दोन हजार बावीस साली दवाखान्यात एक अभ्यास सुरू झाला. ऑपरेशननंतर दुखणं आणि सूज कमी करणारी एक नवी गोळी एका कंपनीनं काढली होती. ती जुन्या गोळीपेक्षा बरी का, हे पाहायचं होतं. अशी आणखी सात-आठ केंद्रं राज्यात होती. पेशंटला नंबर टाकलेली डबी मिळायची. तीत जुनी गोळी की नवी, हे डॉक्टरांनाही माहीत नसायचं. गोळी दिल्यावर दोन तासांनी, चार तासांनी, सहा तासांनी विचारायचं, किती दुखतं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. गोळीनं भागलं नाही तर वरून इंजेक्शन द्यायचं आणि ते दिल्याचं कागदावर लिहायचं. गोळी कितपत लागू पडते, ते मुख्य म्हणजे या इंजेक्शनांवरूनच कळणार होतं.

विचारायचं आणि लिहायचं काम निताचं. पेशंट तयार करायचं कामही तिच्यावरच आलं. संमतीचा कागद मराठीत होता, अकरा पानांचा. ती तो शेजारी बसून वाचून दाखवायची. कधीही बाहेर पडता येईल, त्रास झाला तर उपचार मोफत, शंका असली तर शेवटच्या पानावरच्या नंबरवर फोन करा, सगळं सांगायची. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "तुमी असान ना सिस्टर?"

"मी हाय ना."

मग सही व्हायची.

पावसाळा संपता संपता इंझोरीहून रामीबाई आली. पित्ताशयात खडे होते. साठीच्या आतबाहेरची, कापूस वेचणारी, हंगाम संपला की नवरा हरिसिंगसोबत दूरच्या जिल्ह्यात कामाला जाणारी बाई. निताच्या आईची शेजारीण. आई वावरात गेली की निता लहानपणी हिच्याच चुलीशी जेवायची. ती तिला मावशी म्हणायची. निताला अभ्यासासाठी पेशंट हवे होतेच, आणि मावशीकडं नीट लक्ष दिलं जाईल असंही तिला मनापासून वाटलं. तिनं अकरा पानं वाचली. रामीबाईनं अर्ध्यातच हात वर केला.

"बस झालं वं. तू म्हणतं तं कुठी अंगठा देऊ, थे सांग."

ऑपरेशन सकाळी झालं. दुपारी निता कागद घेऊन खाटेपाशी आली.

"मावशी, किती दुखून राह्यलं? शून्य ते दहा."

रामीबाईनं विचार केला. "पयले मले सांग, बाळंतपण कितीवर हाय?"

"आठ धरा."

"मंग हे सात हाय."

चौथ्या तासाला ती म्हणाली, "आता बाळंतपणच झालं." नितानं आठ लिहिलं, डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिलं, कागदावर वेळ टाकली, वॉर्डाच्या इंजेक्शन रजिस्टरमध्ये नोंद केली. तिसऱ्या दिवशी रामीबाईला डांबरासारखं काळं शौच झालं आणि संडासाच्या दारात चक्कर आली. पोटात रक्तस्राव झाला होता. रक्ताची एक बाटली चढवावी लागली. या जातीच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं हे संमतीच्या कागदातच होतं, सातव्या पानावर. निताने ते लिहून काढलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि म्हणाले, "कंपनीला मी कळवतो." आठ दिवसांनी रामीबाई घरी गेली.

दिवाळीनंतर एका सोमवारी डॉक्टरांनी निताला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता.

"आपले कागद खराब झालेत गं. कुठं चहाचे डाग, कुठं खाडाखोड. फेअर करून घेतो. तू खाली सह्या करून ठेव, आकडे मी भरून घेईन."

तिनं पेन काढलं. अडतीस पेशंट होते, अडतीस सह्या. मधे एकदा पेन थांबलं म्हणून तिनं ते झटकलं, एवढंच. समोरचा कागद कोरा आहे ही गोष्ट तिच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. एकोणीस वर्षांत या माणसानं तिच्याकडं काही वावगं मागितलं नव्हतं.

कंपनीकडून महिन्यातून एकदा रुचिका नावाची मुलगी अकोल्याहून यायची; पेशंटचे भरलेले कागद मात्र ती सगळे पेशंट झाल्यावर एकदमच तपासणार होती. तिशीच्या आतली, मन लावून काम करणारी. जानेवारीत ती आली, दिवसभर कागद पाहिले, आणि निघताना निताला म्हणाली, "सिस्टर, तुमचं केंद्र सगळ्यात भारी आहे. अडतीस पेशंट आणि एकालाही इंजेक्शन लागलं नाही!"

निताला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "एकालाही?"

"एकालाही नाही. थांबा, दाखवते."

रुचिकानं फाइल उघडली. रामीबाईचा कागद. दुसरा तास, चार. चौथा तास, तीन. सहावा तास, दोन. इंजेक्शन, नाही. इतर त्रास, काही नाही. खाली निताची सही. अगदी तिचीच, शेवटचं अक्षर उतरतं काढलेली.

रुचिकाला बसपर्यंत सोडून निता परत आली, स्टोअरमध्ये गेली आणि इंजेक्शन रजिस्टर काढून पहिल्या पेशंटपासून मोजत बसली. चौदा जणांना इंजेक्शन दिलं होतं. चौदाही नोंदी तिच्या हातच्या. तिनं मोबाइलवर एकेका पानाचा फोटो घेतला. फोटो घेताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर ती केबिनमध्ये गेली.

"सर, जुने कागद कुठं आहेत?"

"कशाला?"

"रामीबाईनं आठ सांगितलं होतं. तुम्ही तीन लिहिलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं निता पुढं म्हणायची. ते समजावणीच्या सुरात बोलले. "निता, आपल्या खेड्यातली माणसं लवकर घाबरतात. तूही हळवी आहेस, लगेच इंजेक्शन देतेस. मी ते जरा ठीक केलं. या कामावर पुढचा मोठा अभ्यास मिळणार आहे आपल्याला. कारंज्याचं नाव होईल."

"मावशीले रक्त चढवलं सर. थेबी ठीक केलं का?" डॉक्टरांशी ती कधी गावच्या बोलीत बोलत नसे.

"ते जुन्या अल्सरचं असू शकतं."

"असू शकते तं तसं लिहा. लिहिलंच नाई तुमी." तिचा आवाज चढला. "पेशंट सांगते तेच खरं, हे मले कोनं शिकवलं?"

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "कागदावर सही तुझी आहे. बाहेर बोलशील तर आधी तुलाच विचारतील. मी तुझ्या काळजीनं सांगतोय."

त्या एका वाक्यानं निताला सगळं कळलं. दिवाळीनंतर त्या सोमवारी तिला बोलावलं तेव्हाच ते ठरलेलं होतं. कागद फेअर करायचे म्हणून सह्या मागितल्या नव्हत्या, तिला पुढं उभं करायचं होतं.

ती रविवारी इंझोरीला गेली. तक्रार करायची तर शेवटच्या पानावरचा नंबर-पत्ता हवा होता, आणि दवाखान्यातल्या प्रती कुलपात गेल्या होत्या. रामीबाईकडं तिची प्रत असणार. पण नुसती प्रत मागून तिला निघता येईना. ओसरीवर बसून तिनं सगळं सांगितलं. गोळी, आकडे, रक्त, सह्या.

रामीबाई शेंगा सोलत होती. तिनं हात थांबवला.

"म्हंजे मले दुखलंच नाई?"

"कागदावर नाई दुखलं मावशी."

"अन् खाली सई तुई?"

"माईच. कोऱ्या कागदावर घेतली. मले मालूम नव्हतं."

रामीबाई उठली, आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले अकरा कागद आणले आणि निताच्या पुढ्यात ठेवले. हातात दिले नाहीत.

"डाक्टरले मी वळखत नाई. थो काय बी करन. म्या अंगठा तुले देला व्हता, निता." आणि आत जाता जाता म्हणाली, "चा ठेवत नाई आता. तुई गाडी चुकन."

गाडीला अजून दीड तास होता. निता फाट्यावर उभी राहिली.

त्याच आठवड्यात तिनं शेवटच्या पानावरच्या समितीला पत्र लिहिलं. पेशंटच्या हितावर लक्ष ठेवणारी ही समिती होती. रजिस्टरचे फोटो जोडले. कोऱ्या कागदांवर आपण सह्या केल्या हेही लिहिलं, पहिल्याच परिच्छेदात. त्याच दिवशी राजीनामा दिला. डॉक्टरांनी तो न वाचता ड्रॉवरमध्ये टाकला.

चौकशीला पाच महिने लागले. तिघे जण आले, रजिस्टर पाहिलं, पेशंटच्या घरी गेले. रामीबाईनं त्यांना आकडा आठच सांगितला. रुचिकाला कंपनीनं दुसरीकडं पाठवलं. तिनं जाताना निताला फोन केला, "मला तेव्हाच सांगायचं होतं ना सिस्टर," एवढं म्हणाली आणि ठेवला.

निताला वाटत होतं की खोटे आकडे काढतील आणि खरे भरतील. निकालाचं पत्र आलं ते दोन ओळींचं होतं. कारंजा केंद्राची सर्व माहिती अविश्वसनीय असल्यानं अभ्यासातून वगळण्यात येत आहे. अडतीसच्या अडतीस. खोट्या तीनसोबत खरे आठही गेले. रामीबाईचा रक्तस्राव तेवढा वेगळा नोंदवला गेला, कारण रक्ताच्या बाटलीची पावती होती. डॉक्टरांना पाच वर्षं अभ्यास करायला बंदी झाली. दवाखान्याला काही झालं नाही. कारंज्यात लोक म्हणू लागले, ज्यानं उभं केलं त्याच्याच मुळावर उठली. निताच्या नावानं समितीचा ठपका आला, हलगर्जीपणाचा. तो तिनं मान्य केला.

आता ती केनवडला एका छोट्या दवाखान्यात आहे. इंजेक्शन, पट्ट्या, लसी. कसल्याही कागदावर सही करताना पूर्ण वाचते, म्हणून तिथले लोक तिला हसतात. इंझोरीला भाऊ आहे, त्याच्याकडं जाते. रामीबाईच्या दारात कधी उभी राहिली तर हरिसिंग बोलतो, रामीबाई आतूनच विचारते, "कोन हाय?" आणि नाव ऐकून पुढं काही म्हणत नाही.

गेल्या मार्चमध्ये निता रिसोडच्या बसस्थानकावर बाकावर बसली होती. समोर एक गाडी थांबली आणि डॉक्टर रविकांत उतरले. केस पांढरे झाले होते. त्यांनी तिला पाहिलं, जवळ आले आणि जुन्या सवयीनं विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे सर," ती म्हणाली.

ते मान हलवून निघून गेले. ते दिसेनासे झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती बाकावरून उठून उभी राहिली होती. दोन्ही हात समोर बांधून, राउंडला उभी राहायची तशी. ती तिथंच उभ्या उभ्या रडली, आणि रिसोडची माणसं तिच्या बाजूनं आपापल्या गाड्या शोधत जात राहिली.