सहदेवचे हसरे बटण

कुंभिवलीजवळच्या त्या कारखान्यात हायवेवरच्या बर्गर-पिझ्झाच्या दुकानांसाठी माल तयार होतो. सहदेव तिथे पॅकिंगला होता. टिक्क्या पिशवीत भरायच्या, पिशवी बंद करायची, खोक्यात ठेवायची. खाण्याच्या इतक्या जवळ राहूनही त्यातला एक घास त्याने कधी चाखला नव्हता. मग एक दिवस वरच्या मजल्यावरच्या प्रयोगाच्या स्वयंपाकघरातून तस्लीम मॅडम खाली आल्या. कर्जतच्याच, अन्नतंत्रज्ञान शिकलेल्या, वयाने सहदेवच्या मुलीएवढ्या, सुप्रियाएवढ्या. नवे पदार्थ चाखायला त्यांना कामगारांतली माणसे हवी होती. अट एकच, तोंडात तंबाखू नको. पॅकिंग खात्यातल्या बहुतेकांनी माना खाली घातल्या. सहदेव तेवढा पुढे आला.

तेव्हापासून शुक्रवार हा त्याचा सण झाला. पांढऱ्या खोलीत प्रत्येकाला वेगळा कप्पा, समोर झाकलेली ताटली, पाण्याचा पेला आणि ओळीने बटणे. बटणांवर चेहरे काढलेले. एका टोकाला खदखदून हसणारा, दुसऱ्या टोकाला रडणारा, मध्ये बाकीचे. खायचे आणि वाटेल ते बटण दाबायचे.

काय काय खाल्ले त्याने! वडापावच्या वड्यात वितळलेले चॉकलेट. तळलेल्या कारल्यावर चीज आणि मध. जांभळाच्या रसात घोळवलेली कोंबडी. पापडावर पसरलेला पिझ्झा, जो उचलला की मांडीवर पडायचा. आणि तांदळाच्या भाकरीत गुंडाळलेली झणझणीत कोळंबी, जी खाताना त्याला वाटले, हे आजवर कुणाला कसे सुचले नाही? झाकण उचलण्याआधीचा क्षण त्याला सर्वांत आवडायचा. आत काय असेल? आणि जे असेल ते कुणाच्या डोक्यातून आले असेल? चॉकलेटचा वडा घशाखाली उतरत नव्हता, तरी तो विचार करत होता की हे करणाऱ्याला नेमके काय साधायचे असेल.

आणि दर वेळी तो हसरे बटण दाबायचा.

खोटेपणाने नव्हे. लहानपणी एकदा पिठले करपले म्हणून त्याने नाक मुरडले, तर वडिलांनी ताट उचलून गोठ्यात नेऊन ठेवले होते. कुणीतरी चुलीपुढे बसून केलेले असते, ते मुकाट खावे, नाहीतर उठावे, हा त्यांच्या घरचा नियम. लग्नकार्यात आचारी सहदेवला हाक मारून आग्रहाने वाढायचे. रडक्या चेहऱ्याकडे त्याचे बोट वळायचेच नाही.

एका सोमवारी तस्लीम मॅडमनी त्याला जिन्यात गाठले.

"सहदेवकाका, एक विचारू? कारलं खरंच आवडलं तुम्हाला?"

"बेस होतं की."

"आणि चॉकलेटचा वडा?"

"तो पन बेस."

"कोळंबीची भाकरी मात्र अर्धी ठेवलीत. तरी बटण हसरंच."

सहदेव पायऱ्यांकडे बघत राहिला.

"मुंबईच्या मुख्य ऑफिसातले नवीनसर म्हणतात, या माणसाचं मत धरायचं तरी कसं? या शुक्रवारी ते स्वतः येणार आहेत. तेव्हाही सगळंच हसरं निघालं तर तुम्हाला खाली पाठवतील, काका. मला अडवता येणार नाही."

खाली म्हणजे शुक्रवारीही टिक्क्या आणि पिशव्याच. पगार तोच राहणार होता, पण झाकणाखाली काय आहे हे त्याला पुन्हा कधी कळणार नव्हते.

त्या दिवशी घरी बायकोने, जयवंताने, वालाचे बिरडे केले होते. सहदेवने सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत ऐकत वाढत होती. त्याने घास घेतला, थांबला आणि म्हणाला, "बेस झालंय."

"झालंय ना?" जयवंता हसायला लागली. "मूठभर मीठ घातलंय मी त्यात. मुद्दाम. बोला आता खारट म्हनून."

"आसू दे गं."

"आसू दे नाय, बोला! शिका वाईच. नायतर जाल खाली."

त्याने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "जरा... पानी दे."

"अवो, तुमी तोंडानं बेस बोललात की मला कळतं, बिघडलंय. चांगलं झालं की तुमी चकार शब्द काढत नाय. अर्धं खाता नी उरलेलं माझ्याकडं सरकवता."

"मी? कवा?"

"लगीन झाल्यापासनं."

सहदेव आपल्या ताटाकडे एखाद्या नव्या पदार्थाकडे बघावे तसा बघत राहिला. इतकी वर्षे आपण हे करतो आणि आपल्यालाच ठाऊक नाही? मग तो म्हणाला, "पन तिथं तुज्याकडं सरकवायचं बटन नाय ना."

शुक्रवारी नवीनसर कप्प्याच्या मागेच उभे राहिले. सहदेवने पहिले झाकण उचलले. बर्गरच्या पावात टिक्कीच्या जागी चेपलेला गुलाबजाम, वर कांदा, बाजूने ओघळणारे मेयोनीज. ही कल्पना खुद्द नवीनसरांची, हे खालच्या गेटपर्यंत सगळ्यांना माहीत होते. सहदेवने चावा घेतला. पाक मेयोनीजमध्ये मिसळला, कांदा मध्येच कर्रकन वाजला. जिभेला कुठे जावे कळेना. त्याने सगळा संपवला, वर पेलाभर पाणी रिचवले, आणि बोट रडक्या चेहऱ्यापर्यंत नेले. तिथे ते हवेत थांबले. मग मुकाट परत आले आणि हसऱ्यावर टेकले.

"लय भारी हाय, सायेब."

नवीनसर खूश झाले. तस्लीम मॅडमनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या झाकणाखाली नाचणीचा पाव होता. त्यात कुरकुरीत अळूवडी, वर करवंदाचा आंबटगोड सॉस. सहदेवने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. वडी कुरकुरली, मागून गूळ-चिंच आली, आणि करवंदाने दोन्हींना सावरून घेतले. तो काही बोलला नाही. अर्धा पाव संपल्यावर त्याने उरलेला ताटलीत ठेवला, कागदी रुमाल उलगडला आणि त्यात तो हळूच गुंडाळायला लागला.

"हे काय?" नवीनसर म्हणाले. "आवडला नसेल तर ठेवा तिथेच. बाहेर न्यायचा नाही, माहीत आहे ना?"

सहदेवचे कान तापले. त्याने रुमाल सोडला. "चुकलं सायेब. हात गेला."

"काका," तस्लीम मॅडम पुढे आल्या, "कुणासाठी गुंडाळत होतात?"

"घरी. जयवंतासाठी."

"आणि तो गुलाबजामचा? तोही उरला असता तर नेला असता का?"

सहदेवने आधी नवीनसरांच्या बुटांकडे पाहिले, मग रिकाम्या ताटलीकडे.

"नको," तो म्हणाला. "तो आपला... हितंच खाल्ला ते बरं झालं."

शेजारच्या कप्प्यात कुणाला तरी ठसका लागला.

"कारलं आणि मध?"

"नको."

"चॉकलेटचा वडा?"

"नको नको."

"कोळंबीची भाकरी?"

"ती न्यायची होती," सहदेव घाईने म्हणाला. "मनाई हाय म्हनून ठेवली."

"जांभळाची कोंबडी?"

"जयवंता कोंबडी खात नाय. पन शेजारी दिली असती."

तस्लीम मॅडम नवीनसरांकडे वळल्या. "सर, यांना चव कळते. आपण विचारतोय तो प्रश्न यांच्या घरात चालत नाही, एवढंच."

नवीनसरांनी त्या नाचणीच्या अर्ध्या पावाकडे पाहिले. मग त्यांनी स्वतःच्या बर्गरचा एक तुकडा मागवला, तोंडात टाकला, आणि चावता चावता खिडकीपाशी गेले.

"माझ्या बायकोला मी हा नेला असता का?" ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. "घरात घेतलं नसतं तिनं." ते हसले, पण फार नाही. जाता जाता त्यांनी सांगितले, "बटणं आहेत तशी राहू देत. त्यांच्याखाली हाही प्रश्न टाका, घरी कुणासाठी न्याल का? सगळ्यांनाच विचारा. आणि काका इथंच राहू देत."

त्या संध्याकाळी तस्लीम मॅडमनी परवानगी घेऊन नाचणीचा एक अख्खा बर्गर खोक्यात घालून दिला. सहदेवने तो सायकलच्या हँडलला अडकवून घरी आणला आणि काही न बोलता जयवंतापुढे ठेवला.

जयवंताने तो फिरवून फिरवून पाहिला, वास घेतला, मोठा चावा घेतला.

"पाव कोरडा हाय," ती म्हणाली. "वडीत गूळ जास्ती पडलाय. आन् त्यो वरचा रस करवंदाचा ना? त्यात मीठ नाय घातलं वाटतं."

सहदेव आ वासून ऐकत राहिला. इतके दोष, एका दमात, आणि कुणाचे ताट गोठ्यात गेले नाही.

"म्हंजे आवडला नाय?"

उरलेला अर्धा जयवंताने परत खोक्यात ठेवला, झाकण लावले आणि खोके फळीवर उंच सरकवले.

"उद्या सुप्रिया येनार हाय सासरहून," ती म्हणाली. "तिला ऱ्हाऊ दे."