त्यांच्यात देत नाहीत

हे मी आजवर कोणापाशीही बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, असं तोच सगळ्यांना सांगत असतो. राहतं. बघा ना, किती वर्षं राहिलं.

मी नर्स. शहापूरला, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. माहेर किन्हवलीचं, त्यामुळे आमच्या मुंबईहून आलेल्या डॉक्टरांचं गावाकडचं काही अडलं की ते मला विचारायचे. बाळंतिणीला काय चालतं, पाचवी कशी पुजतात — मी सांगेन ते प्रमाण. मला त्याचा तोरा होता. खोटं कशाला बोलू?

सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरची एक आई होती. पहिलटकरीण, अगदी पोरसवदा. बाळ जन्मल्यावर रडलंच नव्हतं, तेव्हापासून व्हेंटिलेटरवर होतं. मेंदू जवळजवळ गेलेला. यंत्र आता फक्त त्याचं मरण लांबवतंय, हे डॉक्टरांनी बापाला समजावलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, काढा नळी. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. आईला विचारा, म्हणाले, बाळाला मांडीवर घेऊन बसायचंय का? शेवटपर्यंत. तुमच्या भाषेत विचारा.

मी बाहेर गेले. भर दुपार होती. ती बाकावर बसलेली, हातात स्टीलची वाटी, पदराने झाकलेली. मला बघून उठली.

"दूध काडलाय गो सिस्टर. आता पाजशील ना त्याला?"

बापाने तिला काही सांगितलंच नव्हतं. म्हणजे ते मला सांगायचं होतं — नाही का? "बस गो, येते," म्हणाले आणि आत पळाले.

आत जाऊन काय सांगितलं? "सर, त्यांच्यात देत नाहीत. जाणारं मूल आईच्या मांडीवर देत नाहीत."

अशी रीत कुठेच नाही. ना त्यांच्यात, ना आमच्यात. बाकापासून दारापर्यंत येईतो मी ती बनवली. डॉक्टरांनी आदराने मान डोलावली.

नळी काढली. वाटलं होतं, लगेच संपेल. पण बाळ आपलं आपण श्वास घेत राहिलं. एक श्वास — मग थांबायचं — आता गेलं म्हणावं, तर पुन्हा छाती उचलायची. दार समोरच होतं. अजून हाक मारता आली असती. प्रत्येक श्वासाला वाटे, आता बोलावते. पण बोलावलं तर माझं खोटं उघडं पडणार होतं ना? त्याच्या कपाळावर बोट ठेवून मी उभी राहिले. ते गेलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हो — सुटल्यासारखं.

गुंडाळून तिच्या हातात दिलं, तेव्हा तिने त्याचे पाय चाचपले. ओरडली नाही. "गरम व्हता तवर दिला असतास गो," एवढंच म्हणाली.

ते डॉक्टर पुढे दुसरीकडे गेले. जाताना नव्या लोकांना शिकवून गेले — पाड्यावरच्या आयांना विचारून त्रास देऊ नका, त्यांच्यात देत नाहीत. तेव्हापासून कोणी विचारत नाही. किती जणी बाहेर बसून राहिल्या, मी मोजल्या नाहीत.

परवा पुन्हा एका बाळाची नळी काढायची होती. आमची नवी डॉक्टर, कोवळी मुलगी, थबकली. "सिस्टर, खरंच त्यांच्यात देत नाहीत का?" सरळ माझ्याकडे बघत होती. एवढी वर्षं कोणी विचारलं नव्हतं, तिने विचारलं.

"नाही देत," मी म्हणाले.

आई बाहेरच बसली होती. वाटी घेऊन.