रोजची एक ओळ

वृद्धाश्रमात तिला सगळे पारेबाई म्हणायचे. हे काही तिचं आडनाव नव्हे. सकाळी उठल्या उठल्या, तोंडही न धुता, ती व्हरांड्यातल्या तापमापकातला पारा बघायला जायची, त्यावरून तिथल्या चावट मंडळींनी ठेवलेलं नाव. शिवाय राग कायम नाकाच्या शेंड्यावर, त्यामुळे नाव पक्कं बसलं. तापमापक कुठल्याशा औषधकंपनीने फुकट दिलेला, जाहिरात ढळढळीत आणि आकडे मुंगीएवढे. पण बारीक आकड्यांची तिला सवय होती. तिची उभी हयात कोंबडीची अंडी उबवायच्या केंद्रात गेली होती. तिथे मोठाल्या पेट्यांमध्ये पारा जरा इकडचा तिकडे झाला की पेटीच्या पेटी वाया जायची. नवरा लवकर गेला, पदरात एकुलता एक मुलगा. त्या पाऱ्यावर डोळा ठेवूनच तिने त्याला लहानाचा मोठा केला.

आश्रमात ती आली ती रडतभेकत नाही, आपल्या पायांनी, हसत आली. त्यांच्या घराची जुनी इमारत पाडून नवी उभी राहायची होती आणि तोवर मुलगा, सून, नातू भाड्याच्या अडचणीच्या जागेत राहणार होते.

"वर्षाची तर गोष्ट आहे, आई," मुलगा म्हणाला होता. "नव्या घरात तुला स्वतंत्र खोली. वर्षाने येतो तुला न्यायला."

पारेबाईने वर्ष म्हणजे वर्ष असंच धरलं. अंडं उबवायला ठेवलं की पिल्लू कधी बाहेर येणार हे ठरलेलं असायचं, 'बघू', 'साधारण' असले शब्द तिच्या कामात नव्हते. पहिल्याच आठवड्यात तिने पिशवीतून क्रोशाची सुई काढली आणि लोकर मागवली. कडाक्याच्या थंडीला गर्द निळी, जरा बऱ्या दिवसाला आकाशी, मग हिरवी, पिवळी, नारिंगी, आणि सकाळीच घाम फोडणाऱ्या दिवसाला लाल. रोज एक ओळ, त्या दिवशीच्या पाऱ्याच्या रंगाची. वर्ष भरलं की ब्लँकेट पुरं, आणि ब्लँकेट पुरं झालं की घर. नव्या खोलीतल्या पलंगावर पहिलं तेच घालायचं, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी मुलाचा फोन यायचा.

"कशी आहेस?"

"आज नऊ. गर्द निळी ओळ घातली."

"बापरे! अंगावर घेत जा गं काहीतरी."

"घेते. तू जेवलास?"

रंगांचं सगळं तिने त्याला सुरुवातीला एकदा समजावून सांगितलं होतं, पण तेव्हा तो गाडी चालवत होता. मुलगा वाईट होता असं म्हणून मोकळं होता येत नाही. फोन त्याने कधी चुकवला नाही. उन्हाळ्यात ती "आज तीस, नारिंगी" म्हणाली की तो "खोलीत पंखा आहे ना?" असं काळजीने विचारायचा. तेवढ्यावर तिची रात्र सुखाची जायची.

शेजारच्या पलंगावर मास्तरीणबाई होत्या. शाळा सुटून जमाना झाला तरी त्यांच्या तोंडचा पट्टा वर्गात असल्यासारखाच चालायचा. वीतवीत वाढत चाललेलं ते ब्लँकेट बघून त्या सगळ्यांदेखत विचारायच्या, "काय बाई, कितवा महिना?"

"सातवा लागला."

"मग जपा हो. जड काही उचलू नका."

सगळा व्हरांडा खो खो हसायचा, पारेबाईसुद्धा. पण एकदा मास्तरीणबाई हसता हसता बोलून गेल्या, "इथून माणसं एकाच गाडीतून जातात बघा. आणि ती गाडी काही मुलगा चालवत नाही."

पारेबाईचं डोकंच फिरलं. "तुम्हाला तुमच्या पोरांनी टाकलं म्हणून सगळ्यांचीच टाकतात होय?"

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून दोघींत अबोला. दोन पलंगांमध्ये हातभर जागा, पण कोणी कोणाला चहा आलाय एवढंही सांगेना.

पुन्हा थंडी पडली आणि मास्तरीणबाई आजारी पडल्या. अंगात ताप, आणि दात वाजायचे थांबेनात. अबोला त्यांनीच मोडला.

"बाई, ते तुमचं द्या ना जरा. नुसतं पायांवर."

पारेबाईच्या मांडीवर ब्लँकेट होतं, सुई त्यातच अडकवलेली. तिच्या मनात आलं, यावर औषध सांडेल, आजारपणाचा वास बसेल. नव्या घरात ते कोरं करकरीत न्यायचं होतं.

"अजून पुरं व्हायचंय," ती म्हणाली. "ओळ अर्धी आहे. उसवेल."

शेवटच्या टाक्यात एक पिन अडकवली असती तर काही उसवलं नसतं. हे तिला चांगलं ठाऊक होतं. क्रोशाचं काम न येणाऱ्या मास्तरीणबाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पारेबाईने कामवाल्या मावशींना हाक मारून आश्रमाचं खरबरीत कांबळं त्यांच्यावर घालायला लावलं. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंना दवाखान्यात नेलं. तिथून परत आली ती फक्त त्यांची चष्म्याची डबी.

त्या दिवशीची ओळ घालताना पारेबाईच्या बोटांनी दोरा असा आवळला की टाके आखडले आणि ओळ बाकीच्यांपेक्षा तोकडी झाली. तिने ती उसवली नाही. लाज वाटत होती. एका माणसाला कुडकुडत ठेवून राखलेलं ब्लँकेट होतं ते. आता घरी जायलाच हवं होतं. नाहीतर हे केलं कशासाठी?

अखेर शेवटची ओळ घालायची वेळ आली.

"उद्या वर्ष होतं," तिने फोनवर सांगितलं.

"हो, लक्षात आहे. येतोच उद्या," मुलगा म्हणाला.

ती ठेवणीतले कपडे घालून सकाळपासून फाटकाजवळच्या बाकावर बसली. शेजारी भरलेली बॅग, हातावर घडी घातलेलं ब्लँकेट. मावशींचा, आश्रमातल्या सगळ्यांचा निरोप घेऊन झाला होता. मुलगा आला तो काखेत एक भलंमोठं गाठोडं घेऊन.

"अगं, थंडीत बाहेर कशाला बसलीस?" असं म्हणत त्याने वरचा प्लास्टिकचा कागद काढला. आत ब्लँकेट होतं. जाड, गुबगुबीत, यंत्रावर विणलेलं. "वर्षभर ऐकतोय तुझं. आज नऊ, आज आठ. शेवटी हीच म्हणाली, आईंना एक चांगलं ब्लँकेट नेऊन द्या, किती गारठतायत त्या."

"आत्ता कशाला सोडलंस? घरी गेल्यावर उघडलं असतं."

मुलाचा हात तसाच राहिला. मग तो बाकावर तिच्या शेजारी बसला.

"आई, घर झालंय. दिवाळीतच राहायला गेलो आम्ही. तुझी खोली आहेच गं, ती कुठे जाते? पण सध्या हिचं ऑफिस तिथून चालतं. त्यात पोराची परीक्षा. तेवढी होऊन जाऊ दे, मग बघू."

पारेबाईने बोलायला तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि फाटकाशी बसून रडायचं नाही एवढंच तिने मनाशी धरलं होतं. गप्प बसवेना म्हणून मुलाने तिच्या हातावरची घडी चाचपली.

"हे तू केलंस? किती रंग! म्हणजे वेळ छान जातो तुझा इथे."

"जातो."

त्याचा जीव भांड्यात पडला. आई चिडली नव्हती. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने बॅग उचलली आणि म्हणाला, "केवढी जड! चल, आत नेऊन देतो."

ती त्याच्या मागून खोलीत गेली.

"कुठे ठेवू?"

"पलंगाखाली."

त्याने वाकून बॅग आत ढकलली.

"अशी अर्धी नको," ती म्हणाली. "पार भिंतीपर्यंत सार. सारखी काढावी लागणार नाही."