एकच घेतली

सिल्वासात आम्ही डोकमर्डीला राहायचो. हे एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवत. नव्वद सालानंतरची गोष्ट. ह्यांना ताप होता, म्हणून पहाटे मी एक गोळी दिली आणि हे कामावर गेले. रांध्याहून माणसं घेऊन येताना बस मोरीच्या कठड्याला घासली. कोणाला खरचटलंही नाही. पण कोणाचा तरी ताडीचा कॅन लवंडला आणि ह्यांची पँट भिजली. पोलिसांनी तपासणीला इस्पितळात नेलं, तिथे डॉक्टरांनी लिहिलं, ‘दारूचा वास येतो.’ कुठून येतो, ते लिहिलं नाही. रक्त घेतलं, त्याचा अहवाल शेवटपर्यंत आला नाही.

लायसन्स का काढून घेऊ नये, हे सांगायला ह्यांना परिवहन कार्यालयात बोलावलं. मी वाचनालयातून मोटार कायद्याचं पुस्तक आणून वाचलं. नुसत्या वासावर भागत नाही, रक्तातली किंवा श्वासातली दारू मोजावी लागते, हे कळल्यावर मी निर्धास्त झाले. ह्यांना बोलताना पाल्हाळ लावायची सवय. मी बजावलं, विचारतील तेवढंच सांगा.

मी बाहेर बाकावर बसले होते. आतलं नंतर ह्यांच्याकडूनच कळलं. साहेबांनी गुजरातीत विचारलं, “सवारे लीधी हती?” सकाळी घेतली होती का?

“हो साहेब. एकच.”

“बधा एकज कहे छे,” कारकून म्हणाला. सगळे एकच म्हणतात. साहेब हसले, म्हणून हेही हसले.

हुकूम आला तो मी मोठ्यानं वाचला. दारू घेतल्याचं चालकाने स्वतः कबूल केलं असल्यानं इतर पुराव्याची गरज उरत नाही. लायसन्स सहा महिने निलंबित.

“अगं, मी गोळीचं सांगत होतो.”

महिन्याच्या आत अपील करता येत होतं. मी त्याच दिवशी अर्ज लिहून काढला. हे सही करेनात. म्हणाले, “आता गोळी म्हटलं तर आणखी हसतील.” मी पेन पुढे धरलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “गोळीच ना? दुसरं काही नव्हतं ना?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली. पुन्हा तो विषय काढला नाही.

सहा महिन्यांनी लायसन्स परत मिळालं, तोवर बसवर दुसरा माणूस लागला होता. ह्यांना कारखान्याच्या गेटवर बसवलं. पुढे कोणी गाडी चालवायला बोलावलं, तरी हे गेले नाहीत.

त्या प्रश्नाबद्दल माफी मागायचं मी मनाशी ठरवत राहिले. आधी वाटलं, लायसन्स येऊ दे. मग वाटलं, जुनं कशाला उकरा. शेवटच्या आजारात एकदा उशाशी बसून मी सगळं सांगितलं. तोवर ह्यांना माझं बोलणं कळेनासं झालं होतं.