खिडकीतली बरणी

भीमाशंकरमामा आमच्या लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. एकोणतीस वर्षांत आपल्या हातून एकही काचनळी फुटली नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

मी पीएचडीसाठी रत्नागिरीहून समुद्री स्पंज आणले होते. त्यांच्यात अशी लांबलचक मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉलच्या जातीची स्टेरॉल मिळतात, जी जमिनीवरच्या प्राण्यांत सहसा दिसत नाहीत. स्पंज मिथेनॉलमध्ये भिजवून दोनदा अर्क काढायचा आणि उरलेला चोथा फेकायचा. मामांनी विचारलं, "हे शेवाळ हाय का, म्याडम?"

"नाही मामा, जीव आहे. प्राणी."

दुसऱ्या दिवसापासून चोथा कचऱ्यात जाईना. काम संपलेली बरणी मी खिडकीत ठेवायची आणि मामा मागच्या लिंबाखाली खड्डा करून चोथा पुरायचे, वर चिमूटभर विभूती. "आमच्यात मेलेल्याला जाळत न्हाईत, पुरतेत. मग ह्याला कचऱ्यात कसं टाकू?" मला हसू यायचं.

मग एका करड्या स्पंजात एक स्टेरॉल सापडलं, कुठल्याच नोंदीशी न जुळणारं. त्या स्पंजाचा तेवढा एकच तुकडा माझ्याकडे होता. पहिला अर्क तपासणीतच संपला, दुसरा काढायचा बाकी होता. त्या दिवशी टेबलावर जागा नव्हती, म्हणून बरणी मी खिडकीत ठेवली आणि जेवायला गेले.

परत आले तर बरणी धुऊन पालथी घातलेली. सगळ्यांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोलले. मामांनी हातांनी खड्डा उकरला. मातीत कालवलेला लगदा निघाला, तो काय कामाचा? "माझंच चुकलं," एवढंच ते म्हणाले, आणि मी ते तसंच राहू दिलं. पुढचे सहा महिने मामा माझ्या टेबलाजवळ आले नाहीत. नव्या माणसांना काचनळीचं सांगणंही त्यांनी सोडून दिलं.

उन्हाळ्यात जळकोटजवळच्या त्यांच्या गावी हार्ट अटॅकनं ते गेले. मामांना त्यांच्या रीतीप्रमाणे खड्ड्यात बसवलं होतं, कपाळभर विभूती. मीही बेलाचं पान आणि मूठभर माती टाकली. मान वर करायची लाज वाटत होती.

त्यांच्या पत्नी, नीलाबाई, जवळ आल्या. "तुमचं काम नासवलं म्हणून लई झुरले हो."

"बरणी खिडकीत मीच ठेवली होती," मी म्हणाले. "त्यांची काही चूक नव्हती."



"मग हे त्यांला सांगायचं होतं, म्याडम."