दुष्काळ आणि तहान

बहात्तरच्या दुष्काळात जामखेडजवळच्या रस्त्याच्या कामावर मी हजेरी घ्यायला जायचो. एरवी शाळेत इंग्रजी शिकवायचो. तिथे खडी फोडणारा एक म्हातारा होता. घाव घालण्याआधी तो प्रत्येक दगड हातात फिरवून निरखायचा.

एका दुपारी पाण्याचा टँकर आलाच नाही. सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. म्हातारा ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला, "ड्राउथ."

मी हसून म्हटलं, "बाबा, इंग्रजीत ड्राउट म्हणतात."

"त्यो आत्ताचा शब्द, गुरुजी. ड्राउथ जुना हाय. त्यात दुष्काळ बी आला अन् तहान बी."

तरुणपणी तो मिशनच्या बंगल्यात पुस्तकांची कपाटं पुसायचा, हे तेव्हा कळलं. संध्याकाळी मी शाळेतला जाडजूड शब्दकोश उघडला. दोन्ही अर्थ तिथे होते. मी कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे वही धरली. "बाबा, असे आणखी शब्द लिहून द्या ना."

त्याने मान हलवली. "मला अक्षर न्हाई येत, गुरुजी. बंगल्यातली मडम पोरांना मोठ्यांदा वाचायची, अर्थ सांगायची. मी पुसता पुसता ऐकायचो."

मग तो एकेक शब्द सांगत गेला, आणि त्याच्या शेजारी खडीवर बसून मी लिहून घेत गेलो.